न बोचलेला काटा

मला पायांची किळस येते. लहानपणापासून येते, आणि ती लपवावी असं मला कधी वाटलेलं नाही. मी कसबा पेठेत वाढले. आमची गल्ली इतकी अरुंद की ओट्यावर कुणी पाय सोडून बसलं की ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगाला लागायचे. त्यामुळे भेगा, पिवळी नखं आणि पावसाळ्यातल्या चिखल्या हे सगळं मला फार जवळून बघायला मिळालं. त्यात देवाने नाक दिलं ते असं की शेजारच्या घरात दूध नासलं तरी मला कळायचं. हिच्या नाकावर माशी बसत नाही, हिचं पुढे कसं होणार, असं आई म्हणायची. झालं ते असं की डोंगर चढणाऱ्या माणसाशी माझं लग्न लागलं.

दिवसभर डोंगर चालून आलेल्या माणसाचे पाय ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना मी सुखी समजते. पहाटे चढवलेले मोजे संध्याकाळी उतरतात तेव्हा ते मोजे राहिलेले नसतात. घाम, लाल माती, कुसळं आणि ओढ्याचं पाणी यांचा तो एक लगदा असतो. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते. उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटून अंगठ्याची नखं काळीनिळी होतात आणि मग पुढे कधीतरी, घरात कुठेही, गळून पडतात. ह्यांचं एक नख मला दिवाणखान्यातल्या सतरंजीवर सापडलं होतं. ते मी चिमट्याने उचललं आणि चिमटाही टाकून दिला. परतीच्या प्रवासाचं तर बोलूच नका. काचा बंद, एसी चालू, गाडीभर माणसं आणि सगळ्यांनी ‘जरा पाय मोकळे करू’ म्हणून बूट काढलेले.

इतकं असून मी जात होते. एकही वर्ष चुकवलं नाही. लोकांना वाटायचं, नवऱ्याच्या प्रेमापोटी जाते. खरं कारण साधं आहे. वर, कड्याच्या टोकाशी, वाऱ्याला कसलाच वास नसतो. पुण्यात अशी जागा मला अजून सापडलेली नाही.

बुटांबद्दल मत नसलेला माणूस पुण्यात नाही. एक म्हणणार, तळाला रबरी गोट्या असलेले कॅनव्हासचे बूट घ्या, आमच्या पिढीने त्यांतच सगळे गड केले. दुसरा परदेशातून मागवलेल्या बुटांचं कौतुक ऐकवणार, आणि त्याचेच बूट पहिल्या घसाऱ्यावर त्याला बसतं करणार. घसारा म्हणजे उतारावरची सुटी माती आणि बारीक खडे. त्यावर पाय टेकला की खालची जमीनच चालायला लागते. कातळावर वेगळी तऱ्हा, वाळलेल्या गवतावर तिसरी. ह्यांचं मत असं होतं की बुटाचा तळ कडक असावा पण इतका नको की खाली काय आहे ते पायाला समजणार नाही. चढताना डोळे वर लागतात, खालचं पायाने बघायचं असतं, असं ते सांगायचे. तरुणपणी आम्ही डोंगराच्या लांब धारेवरून दिवस दिवस चाललो, चारही हातापायांनी कातळटप्पे चढलो, आणि ह्यांचा पाय कधी चुकीच्या दगडावर पडल्याचं मला आठवत नाही.

मग ह्यांना मधुमेह झाला. झाला म्हणजे होताच, पण कंपनीतून निवृत्त झाल्यावर तपासण्या झाल्या आणि तो कागदावर आला. आम्ही ज्या डॉक्टरीणबाईंकडे जातो त्यांनी ह्यांना कॉटवर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर धागा घेतला. तो तळव्याला टेकला की ह्यांनी ‘हो’ म्हणायचं, एवढीच परीक्षा. मी पायाशी उभी होते. धागा अंगठ्याखाली टेकला, वाकला, आणि हे गप्प. टाचेला टेकला, गप्प. मग त्यांना बहुधा वाटलं की फार वेळ आपण काही बोललो नाही. ते ठामपणे म्हणाले, “हो.” धागा तेव्हा हवेत होता. थोड्या वेळाने पुन्हा “हो” म्हणाले, तेव्हाही हवेतच होता. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. साठी आलेला माणूस शाळकरी पोरासारखा अंदाजाने उत्तरं ठोकत होता, हे मला बघवलं नाही.

बाईंचा नियम एकच होता. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. डोंगर बंद का, असं ह्यांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की चालणं चांगलंच आहे, पण बूट नीट घ्या, पाय रोज तपासा आणि काहीही दिसलं की लगेच या. पायाला आता दुखणं कळवता येणार नाही, ते डोळ्यांनी बघावं लागेल.

आमचा फ्लॅट पुण्याबाहेर मांजरी गावात आहे. अजून एका बाजूला ऊस उभा आहे, बाकी तिन्ही बाजूंना इमारती. त्या फ्लॅटमध्ये चपला कधी दाराच्या आत आल्या नव्हत्या. आता ह्यांच्यासाठी घरातल्या म्हणून मऊ चपला आणल्या आणि त्या स्वयंपाकघरात फटक फटक करत फिरू लागल्या. देवघरासमोर हे चपला घालून हात जोडून उभे राहत. चपला नव्या होत्या, बाहेरची धूळ त्यांना लागलेली नव्हती, हे मला माहीत होतं, तरी रोज सकाळी ते तिथून हलले की मी तेवढी फरशी पुसून घ्यायची. मला माणूस पायांसकट हवा होता.

बूट घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार घोट्यापर्यंतच्या बुटांचं गुणगान करत बसला. मी त्याला बाजूला सारलं आणि प्रत्येक बुटात हात घालून आतली शिवण तपासली. पुढून रुंद, आत कुठे गाठ नाही, मोजा घालून बोटं हलतील असा एक जोड मिळाला. तेव्हापासून दर मोहिमेच्या सकाळी ते बूट उलटे करून आपटायचे आणि आत हात घालून खडा, कुसळ, काही अडकलेलं नाही ना ते चाचपायचं, हे काम माझ्याकडे आलं. पुरुषाच्या वापरातल्या बुटात कोपरापर्यंत हात घालणं हे काय असतं ते मी सांगत बसत नाही. आतलं कापड कायम दमट. हात तीनतीनदा धुतला तरी पोहे त्या हाताने खाववत नसत.

आणि रोज चहानंतर पाय बघायचे. वर्तमानपत्र पसरून मी खाली बसायची, ह्यांचा पाय मांडीवर घ्यायची, चष्मा लावून, विजेरी घेऊन, बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडायच्या. हे तेवढा वेळ टीव्हीकडे असे बघत बसायचे की तो पाय शेजारच्या कुणाचा तरी आहे. किळस गेली का? नाही गेली. सवयीने किळस जाते असं म्हणणाऱ्यांनी मला भेटावं.

ह्यांची एकच अट होती, बाहेर कुणाला कळता कामा नये. शुगर आहे म्हटलं की लोक माणसाला पेशंट करून टाकतात, असं त्यांचं म्हणणं. ज्या गटाबरोबर आम्ही जायचो त्यात बहुतेक सगळे आमच्याहून तरुण, ह्यांना ‘सर’ म्हणणारे. चिक्की पुढे आली की सर ती घेत आणि खिशात टाकत. घरी आल्यावर पँटच्या खिशातून ती वितळलेली चिक्की मी खरवडून काढायची.

गटाचा म्होरक्या आयटीतला, चाळिशीचा, उत्साही. पूर्वी त्याला फोटोंचा नाद होता, मग त्याला भक्तीचा नाद लागला. त्या वर्षी त्याने नियम काढला की गड म्हणजे देऊळ, तेव्हा महादरवाजाच्या आत पादत्राणं नाहीत. मीही दरवाजाच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावते. त्या दगडांवर कोण कशासाठी मेलं हे मला माहीत आहे आणि त्या भक्तीबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते भक्तांबद्दल. हा नियम गटाच्या व्हॉट्सॲपवर शेकडो सुप्रभातांच्या मधोमध आला होता. मी तो वाचला नाही. ह्यांनी वाचला होता, हे मला नंतर कळलं.

गडाचं नाव सांगत नाही, नावावरून लोक भांडायला येतात. वेल्ह्याकडचा आहे एवढं पुरे. शिमगा उलटून गेला होता. अशा दिवसांत अंधारात निघून उन्हाच्या आत वर पोचायचं असतं, पण वाटेत मिसळ खाणं हे आता गिर्यारोहणाचं अंग झालेलं असल्यामुळे आम्ही पायथा सोडला तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. मिसळीच्या तर्रीचे ढेकर ऐकत मी धार चढले. वाट लांबलचक, झाडाचं नाव नाही, दोन्ही बाजूंना पिवळं गवत. पुढच्याच्या बुटांनी उडवलेली धूळ मागच्याच्या तोंडात.

शेवटी कातळटप्पा आहे. उभाच म्हणावा असा, खोबण्या आहेत पण त्या हाताने शोधाव्या लागतात. तिथे नेहमीप्रमाणे माणसं तुंबली. दुसऱ्या एका गटाने दोर लावला होता आणि त्यांच्यातली एक मुलगी मध्यावर रडत बसली होती. हे आधीच वर गेले होते. मी खाली थांबले. वरच्या माणसांच्या बुटांचे तळ माझ्या डोक्यावर, त्यांतून सुटणारी माती माझ्या केसांत, आणि शेजारी एक गृहस्थ संत्र्याच्या साली कातळाच्या फटीत कोंबत होते. साली कुजतात, असं त्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, माणसंही कुजतात, पण आपण त्यांना फटीत कोंबत नाही.

वर पोचले तेव्हा महादरवाजाबाहेर बुटांची रांग लागली होती. वास आधी आला, बूट नंतर दिसले. उन्हात तापलेले, जिभा बाहेर काढलेले, मोजे वाळत घातल्यासारखे वर टाकलेले. रांगेच्या टोकाला ह्यांचा जोड होता. नाड्या आत सारलेल्या, मोज्यांच्या नीट घड्या करून बुटात ठेवलेल्या. कंपनीत टेबल आवरून घरी निघावं तसे ह्यांनी बूट काढले होते.

मी तो जोड उचलला आणि छातीशी धरून आत शिरले. माझ्या पायांत माझे बूट होतेच. दोन पोरांनी मला अडवलं.

“काकू, बूट.”

“हे माझे नाहीत.”

“पायातले?”

“पायातले माझे आहेत,” म्हटलं आणि पुढे निघाले.

आतला कातळ तव्यासारखा तापला होता. मी वाकून हात टेकवून बघितला आणि लगेच काढून घेतला. त्यावरून सगळे अनवाणी भक्त उड्या मारत, आई गं, आई गं करत सावलीकडे पळत होते, हसत होते, एकमेकांचे व्हिडिओ घेत होते. पाण्याच्या टाक्यात बाटल्या तरंगत होत्या. देवळाच्या मागच्या भिंतीशी मुताची दुर्गंधी इतकी की श्वास घ्यायची सोय नव्हती. ज्या जमिनीवर बूट चालत नाहीत तिच्यावर हे चालतं. मला शिसारी आली, आणि ती मी आजही मागे घेत नाही.

हे देवळाच्या पायरीवर बसले होते, मधोमध, भोवती तरुण मंडळी. जुन्या काळी ह्या गडाची वाट कशी वेगळी होती ते रंगात येऊन सांगत होते. बाकीचे तळवे चोळत होते, ह्यांचे दोन्ही पाय उन्हात, कातळावर, आरामात पसरलेले. मला पाहून ते म्हणाले, “आलीस? बघ, काही नाही झालं.”

मी पुढ्यात बसले आणि पाय उचलून मांडीवर घेतला. तळवा लाल झाला होता. अंगठ्याखालची कातडी सुटून पाण्याने फुगली होती. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी एक काटा अर्धा आत गेलेला होता, लांब, काळपट, आणि त्यावरच चालून तो आत मोडत आला होता. मी नखांत धरून तो ओढला. तो सहज येईना, मी पुन्हा ओढला. रक्त आलं. हे गडाच्या वाटेबद्दलचं वाक्य बोलत होते, ते त्यांनी न थांबता पूर्ण केलं.

सगळे वाकून पायाकडे बघू लागले. मग म्होरक्या म्हणाला, “सर, मानलं तुम्हाला. तोंडातून हूं नाही.”

कुणीतरी टाळी वाजवली. ही मंडळी मनापासून भारावून गेली होती. मेलेल्या पायाला त्यांनी धैर्य समजलं होतं. मी मान वर केली आणि म्हणाले, “अहो, ह्यांना मुळी —” तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं. पकड इतकी घट्ट होती की बांगडी रुतली. मग ते सगळ्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, हिला काळजी करायची सवय आहे. सगळे हसले. मी प्यायच्या पाण्याने जखम धुतली, रुमाल बांधला, मोजा चढवला, बूट घातला. उतरायला संध्याकाळ झाली. फोडावर बूट घालून हा माणूस घसाऱ्यावरून सगळ्यांच्या पुढे उतरत होता, आणि त्याला कुणीतरी बघतंय म्हणून तो आणखी पुढे जात होता.

घरी आल्यावर ते म्हणाले, “चारचौघांत माझा पाय मांडीवर घेऊन बसलीस.”

“काटा होता.”

“असू दे. बूट मी का काढले असतील? एकट्याने घालून ठेवले असते तर विचारलं असतं त्यांनी. ते टाळायला काढले, आणि तू येऊन सगळ्यांसमोर मांडलंस.” मग म्हणाले, “उद्यापासून माझे पाय मी बघीन.”

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त अपमान वाटला. इतकी वर्षं नाक दाबून जे केलं ते ह्यांना उपकार वाटावं असं माझं म्हणणं नव्हतं, पण ते गुन्हा ठरेल असंही वाटलं नव्हतं. बघा तुमचे तुम्ही, असं मी म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंकडे चला हे म्हणायचं त्या रागात राहूनच गेलं.

मग रोज चहानंतर हे दाढीचा आरसा घेऊन न्हाणीघरात जात आणि कडी लावून घेत. बाहेर येत ते मोजे घालूनच. मी विचारलं की म्हणत, ठीक आहे, खपली धरलीय. चष्म्याशिवाय ह्यांना वर्तमानपत्राचा मथळा दिसत नाही आणि चष्मा तर टीव्हीजवळ पडलेला असायचा. मी तो बघायची आणि गप्प बसायची. दोघेही हट्टी, आणि घरात तिसरं माणूस नाही.

मग घरात वास येऊ लागला. आधी मला वाटलं, सिंकखाली उंदीर मेला. सिंकखालचं सगळं बाहेर काढलं, काही नव्हतं. फ्रीज ओढून मागचा ट्रे धुतला. कचऱ्याचा डबा उन्हात ठेवला. मोरीत सोडा ओतला. हे म्हणाले, मला तर काही वास येत नाही, तुझं नाक म्हणजे ना. मोज्यांचा वास मला पाठ आहे, आंबलेल्या बुटांचा पाठ आहे, ओल्या चामड्याचा पाठ आहे. हा त्यांपैकी नव्हता. हा गोडसर होता, पिकून फुटलेल्या फळासारखा, आणि त्याच्या तळाशी काहीतरी असं होतं की घशाशी यायचं. मी घरभर हुंगत फिरले. मग दुपारी हे माझ्या समोरून गॅलरीत गेले, आणि वास त्यांच्या मागोमाग गेला.

मी म्हटलं, मोजा काढा. ते नाही म्हणाले. मी खाली बसले आणि स्वतःच काढला. मोजा चिकटला होता. सुटला तेव्हा त्याच्याबरोबर बरंच काही आलं. ते बोट काळं पडलं होतं, खालून पू वाहत होता. मी उठले, मोरीत जाऊन ओकले, तोंड धुतलं, परत आले आणि रिक्षा बोलावली.

बोट काढावं लागलं. इस्पितळात सर्जन म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर घोट्यापासून विचार करावा लागला असता, आणि दुखत नव्हतं तर तुम्हाला कळलं कसं? हे माझ्याकडे न बघता म्हणाले, हिला वास आला. त्यात कौतुक होतं की तक्रार, मला अजून सांगता येत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी ह्यांनी एकच गोष्ट केली. म्होरक्याला फोन करून सांगितलं की गडावरचा तो काटा चिघळला. त्यात खोटं काही नव्हतं. त्यात फक्त ती एक गोष्ट नव्हती.

मंडळी भेटायला आली ती एका रविवारी संध्याकाळी, साताऱ्याकडचा कुठलातरी डोंगर करून थेट. दाराबाहेर बूट काढले आणि मोज्यांनिशी माझ्या दिवाणखान्यात शिरली. खिडक्या मी आधीच उघडून ठेवल्या होत्या, त्यांचा उपयोग झाला नाही. येताना कंदी पेढ्यांचा खोका आणला होता, तो दिवसभर गाडीत उन्हात राहिलेला. खोक्याच्या पुठ्ठ्यावर तुपाचे डाग फुटले होते. मी चहा ठेवला, बिनसाखरेचा एक आधी काढून बाजूला ठेवला, बशा मांडल्या. हे खुर्चीत बसले होते, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर. कुणीतरी त्या पायाचा फोटो काढला. कुणीतरी वाकून त्या पायाला नमस्कार केला, आणि मला वाटलं, आता मी काहीतरी फेकून मारणार.

म्होरक्या हात जोडून म्हणाला, “सर, बोट गडाला वाहिलंत तुम्ही.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं बरोबर काढल्यावर माणसाचे डोळे वाचायला विजेरी लागत नाही. मी काय काय सांगू शकते याची यादी आम्हा दोघांना तोंडपाठ होती, हवेतल्या धाग्यापासून मोरीतल्या ओकारीपर्यंत. मी बोलले असते तर एक शब्दही खोटा नसता. आयुष्यात मी कुणाचंही चुकीचं विधान दुरुस्त केल्याशिवाय सोडलेलं नाही. ह्यांच्या डोळ्यांत विनंती नव्हती. नुसती भीती होती. इस्पितळात बोट काढायला नेतानाही ती मला दिसली नव्हती.

“हो,” मी म्हणाले. “गडालाच वाहिलं.”

माझाच आवाज मला ओंगळ वाटला. मंडळी हेलावली. ह्यांनी मान खाली घातली, ती त्यांना विनय वाटली. मग म्होरक्याने पेढ्यांचा खोका उघडला, ह्यांच्या बशीत दोन पेढे ठेवले आणि म्हणाला, “तोंड गोड करा, सर.” सगळे बघत होते. हे जरासे हसले, त्यांनी पेढा उचलला. नको म्हटलं असतं तर का, असं कुणीतरी विचारलं असतं. हात तोंडाकडे निघाला.

मी उठले आणि तो पेढा त्यांच्या बोटांतून काढून घेतला. “मला फार आवडतात,” म्हटलं, आणि सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, तोंडात घातला. मंडळी हसली, काकू म्हणजे अगदीच, असं कुणीतरी म्हणालं. खवा आंबला होता. तुपाला खवट वास येत होता आणि तो नाकात भरला. मी चावला, गिळला, आणि बशीतला दुसराही मीच खाल्ला.